दांड्याचं तेल

शिमग्याला माझ्या हरेशला लकव्याचा झटका आला, आणि तेव्हापासून आमच्या घरात चहाचा कप त्याच्या उजव्या हाताला ठेवतात. असं कोणी ठरवलं नाही. सून ठेवते, मी ठेवते. पाण्याचा तांब्या उजवीकडे, मोबाइल उजवीकडे. भाकरी मी आधीच मोडून ताटात टाकते. डावा हात मांडीवर पडलेला असतो, पाहुण्यासारखा. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, तोंडाचा वाकडेपणाही गेला. डाव्या हाताची बोटं तेवढी मिटायची राहिली. मिटतात, पण धरून ठेवत नाहीत.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की चाला, फिरा, पण त्या हातावर भरवसा ठेवू नका. हे घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. पावणे गावात हरेशची लोखंडी कामाची शेड आहे, तिथे त्याने ‘पाठ धरली होती’ असं सांगितलं. गोल्फच्या क्लबातही तेच.

मीही तेच सांगत होते, आणि मला त्याची लाज नव्हती. डोंगराखालच्या ज्या मैदानावर आज साहेबलोक चेंडू मारतात तिथे माझ्या सासऱ्याचं भात व्हायचं. शहर आलं, जमीन गेली. आमच्या गावठाणातले लोक आज तिथे गवत कापतात, पाइप धरतात. मेंबर म्हणून बूट घालून पाय टाकणारा आमच्यातला एकच, माझा हरेश. तो तिथे उभा राहिला की मला वाटायचं, गेलेल्यातलं थोडं परत आलं. त्याचा हात लुळा आहे म्हणून त्याला चहापुरता बोलावतील, खुर्ची देतील, ‘बसा हरेशभाऊ’ म्हणतील, हे मला जिवंतपणी बघायचं नव्हतं.

खरा प्रश्न पहिल्याच फटक्याचा होता. त्या मैदानावर सुरुवातीलाच समोर नाला आहे. आधी हरेशचा चेंडू नाल्याच्या पार जाऊन पडायचा. शिमग्यानंतर तो नाल्यात पडायला लागला. हरेशने दोष दांड्याला दिला. जुना झाला म्हणाला. पहिला लांब फटका मारायचा जो मोठ्या डोक्याचा दांडा असतो, त्याला ते ड्रायव्हर म्हणतात. नवरात्र बसलं आणि वाशीच्या दुकानातला कुंदन दोन नवे ड्रायव्हर घेऊन घरी आला. दोन्ही वापरून बघा, एक ठेवा, एक परत द्या.

कुंदन मला समजावत होता. “काकी, दोनी फर्गिव्हिंग हायेत. चेंडू मधोमध नाय लागला तरी सांभालून घेतात. हा काला लांब जातो. हा मागून जड हाय, हा सरल जातो, हलत नाय.”

“दांडा सांभालून घेतो? दांडा हाय का सासू?” मी म्हणाले.

“सासू सांभालून घेते हे पन आजच कलला,” सुचिता पोह्यांची बशी ठेवता ठेवता बोलली. कुंदनने खाली बघून हसू दाबलं. सून माझ्यावर गेली आहे, माझ्या पोटची नसून.

मग रोज सकाळी गच्चीवर जाळी बांधून ठोकाठोक सुरू झाली. हरेश दांड्याच्या तोंडावर सुचिताची अंगाला लावायची पावडर मारायचा. चेंडू लागला की पावडर उडून तिथे खूण उमटते, म्हणजे कुठे लागला ते कळतं. मी पापड वाळत घालायला जायची तेव्हा बघायची. खुणा एक टोकाला, एक बुडाशी, एक पार कडेला. मधोमध एखादीच. काळ्या दांड्याचा चेंडू मधोमध लागला तर जाळी फाडेल असा जायचा, नाहीतर तिरपा. जड दांड्याचा कुठेही लागला तरी सरळ जायचा, पण त्यात जोर नसायचा. मैदानावर जाऊन आल्यावर हरेश म्हणाला, जडवाला नाल्याच्या अलीकडे पडतो, थोडक्यासाठी.

“मंग अलीकडं पडू दे,” सुचिता म्हणाली. “तिथून दुसरा फटका मारा. चंद्रशेखर साहेब तसाच मारतात ना?”

चंद्रशेखर साहेब म्हणजे हरेशचा जोडीदार. निवृत्त इंजिनियर, नेरुळला राहतात. सभ्य माणूस, मला मावशी म्हणतात. स्पर्धेत दोघं एका जोडीने खेळायचे.

“साहेब सत्तरीचा हाय,” हरेश म्हणाला. “मी हाय का?”

मी सुनेला म्हणाले, पुरुषांच्या खेळात नाक घालू नये. वल्हं मारणाऱ्याला काठावरच्याने शिकवू नये. ती पापड उचलून खाली गेली.

खंडेनवमीला आमच्यात घरातली हत्यारं पाटावर मांडतात. सासऱ्यांचा कोयता, विळा, एक जुनं वल्हं आहे ते, पावण्याच्या शेडमधला घण. हरेशच्या पिशवीतून मी ते दोन्ही ड्रायव्हरही काढले आणि पाटावर ठेवले. ज्याच्यावर माणूस जगतो त्याची पूजा, मग तो कोयता असो की हे. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. लाकडी मुठींना आम्ही खोबरेल चोळतो, वर्षभर लाकूड तडकू नये म्हणून. तशी मी तेलाची वाटी घेऊन ड्रायव्हरच्या रबरी मुठीकडे गेले, तर सुचिताने माझं मनगट धरलं.

“आई, तिथं तेल नको. हातातून सटकंल.”

मी वाटी खाली ठेवली. तेल लावलं नाही. एक थेंबही नाही. हे मी नीट सांगते आहे, कारण पुढे सगळं त्यावरच आलं.

कुंदन एक दांडा परत न्यायला आला तर मी नाही म्हणाले. पाटावर बसलेली वस्तू घराबाहेर जात नाही. त्याने कुंकवाकडे बघितलं, हरेशकडे बघितलं, आणि दोन्ही ठेवून गेला. हरेश खूश झाला. निवड करायची तेवढी टळली.

स्पर्धा रविवारी होती. क्लबने घरच्यांनाही बोलावलं होतं, सकाळचा नाश्ता होता. मी नवी साडी नेसले, नथ घातली. त्या गवतावर मी पहिल्यांदाच गेले, इतकी वर्षं कुंपणाबाहेरून बघत होते. भाताचा बांध कुठे होता ते शोधत होते, सापडला नाही. सगळं एकसारखं हिरवं करून टाकलंय.

हरेशची पाळी आली. समोर नाला. चंद्रशेखर साहेब आपला चेंडू मारून डावीकडच्या बाकाजवळ जाऊन उभे राहिले होते. तिथूनच ते म्हणाले, “हरेश, अलीकडेच टाक रे. घाई नाही आपल्याला.”

हरेशने आधी जड दांडा काढला. हातात घेऊन तोलला. मागे दोन माणसं काहीतरी बोलून हसली, आमच्यावर नसतीलही हसली. हरेशने माझ्याकडे बघितलं. मी मान ताठ केली. माझी मान ताठ झाली की काय म्हणायचं असतं ते माझ्या मुलाला लहानपणापासून कळतं. त्याने जड दांडा पिशवीत टाकला आणि काळा काढला.

त्याने जोर लावला. एवढा जोर मी गच्चीवर कधी बघितला नव्हता. चेंडूला लागल्याचा आवाज आला, आणि त्याच दमात डाव्या हाताची बोटं उघडली. मी बघितली उघडताना. एकटा उजवा हात पुरला नाही. दांडा सुटला आणि फिरत बाकाकडे गेला.

चंद्रशेखर साहेब खाली बसले. हाताने तोंड झाकलं होतं आणि बोटांच्या मधून रक्त येत होतं. चष्मा गवतात पडला होता, एका बाजूची काच नव्हती.

धावपळ झाली. कोणी टॉवेल आणला, कोणी गाडी काढायला पळालं. हरेश जागचा हलला नाही. डावा हात तसाच अर्धा उघडा. क्लबचा एक माणूस दांडा उचलून बघत म्हणाला, हा सुटलाच कसा? दांड्याच्या डोक्यावर अजून हळद होती. सगळे हरेशच्या हाताकडे बघायला लागणार, ते मला दिसलं. त्या आधी मी पुढे झाले.

“मी तेल लावला होता,” मी म्हणाले. “पूजेला. मुठीला चोलला.”

कोणी मुठीला बोट लावून बघितलं नाही. नथ घातलेली गावठाणातली म्हातारी, तिने गोल्फच्या दांड्याला खोबरेल चोळलं, हे त्यांना लगेच पटलं. एक बाई दुसरीला इंग्लिशमध्ये काहीतरी म्हणाली आणि दोघींनी माझ्याकडे कीव करत बघितलं. बघू दे. त्यांची कीव माझ्या कामाला आली. फक्त सुचिता माझ्याकडे वेगळं बघत होती. तेलाची वाटी तिनेच थांबवली होती.

डोळा वाचला नाही. आम्ही दवाखान्यात शहाळी घेऊन गेलो. साहेबांच्या अर्ध्या तोंडावर पट्टी होती. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. म्हणाले, “मावशी, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही श्रद्धेने केलं.” मग हरेशला म्हणाले, “तू खेळ थांबवायचा नाहीस. मी बरा झालो की आपली जोडी पुन्हा.”

आयुष्यात मला कोणी शिव्या दिल्या तर मी दुप्पट परत केल्या आहेत. याचं काय परत करायचं ते मला कळेना.

घरी सुचिता माझ्याशी चार शब्दांच्या वर बोलत नव्हती. एकदा भांडी घासताना मागे न वळता म्हणाली, “त्यांचा डोला गेला, आई. आता पुढच्या वेळी कोनाचा?”

मी म्हणाले, पुढची वेळ येणार नाही, हरेशला अक्कल आहे. आणि दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी गच्चीवर गेले तर हरेश दोन्ही ड्रायव्हर घेऊन बसला होता. पायांत दांडा दाबून, फडक्यावर स्पिरिट घेऊन, उजव्या हाताने मूठ पुसत होता. रगडून रगडून.

“काय करतोस?”

“तेल निघाला पायजे पूर्न. रविवारी जायचा हाय.”

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा करत असेल, टोमणा असेल, काहीतरी असेल. काहीच नव्हतं. त्याला खरं वाटत होतं. मी जगासाठी बोललेलं खोटं माझ्याच पोराने घेऊन ठेवलं होतं.

“हरेश, तेल नव्हता,” मी म्हणाले. “सुचितानं लावूच दिला नाय.”

“थोडा लागला असंल. तुला आठवत नाय.” त्याने फडकं पुन्हा बाटलीला लावलं. “ह्या खेपेला जडवाला घेतो. तो सांभालून घेतो.”

मी खाली आले. कोणाला सांगायचं ते मला माहीत होतं, साहेबांना. पण मी सांगितलं तर ती म्हातारीची बडबड झाली असती, आणि हरेशने पुन्हा तेलच सांगितलं असतं. एकदा मीच त्यांना पटवलं होतं की मी अडाणी आहे.

रविवारच्या आधी आम्ही साहेबांच्या घरी गेलो, नेरुळला. मीच म्हणाले जाऊ, दिवाळीचा फराळ द्यायचा राहिलाय. साहेब आता घरी काळा चष्मा लावून बसत. त्यांची बायको विजयमाला, शांत बाई. माझ्याशी एक शब्द वाकडा बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघत नव्हती. सोफ्यावर मी हरेशच्या उजव्या बाजूला बसले. सुचिता समोर.

साहेबांनीच विषय काढला. म्हणाले, “रविवारी निघालास ना? मीही येतो, बाकावर बसून बघेन.”

हरेश हसला. हो म्हणाला.

विजयमालाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. मला दिला, सुचिताला दिला. त्या हरेशकडे वळल्या तेव्हा मी त्याचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. म्हाताऱ्या बायका घेतात तसा, लेकाचा हात, मायेने. कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं. त्याने सोडवून घ्यायला ओढला. मी सोडला नाही. भाताच्या पेंढ्या बांधलेले हात आहेत माझे, त्यांना धरून ठेवता येतं.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं मी काय करते आहे. सुचितालाही कळलं, तिचा कप ओठांशीच थांबला. हरेश नको म्हणू शकला असता. आत्ताच घेतला, ॲसिडिटी होते, काहीही. चहाला नाही म्हणायला कितीसं लागतं? मी तेवढी जागा ठेवली होती त्याला. विजयमालाबाई कप पुढे धरून उभ्या होत्या. वाफ त्याच्या तोंडावर येत होती.

त्याने डावा हात पुढे केला.

बोटं कपाच्या कानात गेली. मिटली. बाईंनी हात काढला. कप थोडा वर आला, आणि मग एकेक बोट उघडलं, करंगळीपासून. चहा त्याच्या मांडीवर सांडला. चटका बसला असणार, तो हलला नाही. कप फरशीवर फुटला.

विजयमालाबाई फडकं आणायला वळल्या आणि दारातच थांबल्या. साहेबांनी काळा चष्मा काढला. एक डोळा होता, तो त्यांनी त्या हातावर रोखला. मग तोच डोळा माझ्याकडे वळला. मी मान खाली घातली नाही. घालायला हवी होती, पण मला ते येत नाही.

“कधीपासून?” साहेबांनी विचारलं.

हरेशने उजवा हात माझ्या हातांतून सोडवून घेतला. आता मी सोडला.

“शिमग्यापासून,” तो म्हणाला.

विजयमालाबाई दारातून आत गेल्या, फडकं घेऊन परत आल्या नाहीत. सुचिता खाली बसली आणि आपल्या पदराने फुटक्या काचा गोळा करायला लागली.