वास नाही

मंगळवारी सकाळी तपासणीच्या खोलीत व्हॅनिलाचा वास आला. दुपारपर्यंत असं ठरलं की तो आलाच नव्हता. तेव्हा आपणही तो आला नाही असं धरून चालू.

तिने बाथरूमला आतून कडी घातली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि मनगटावर एकच फवारा मारला. अत्तराची बाटली नणंदेची, राहायला आली तेव्हा विसरलेली. फोन केला तर म्हणाली, "राहू दे तुलाच, वहिनी. ते लावलं की माझी पोरं अंगाला चिकटतात आणि आइस्क्रीम मागतात."

अंगावर धावून येणारा वास नव्हता. कोमट दूध, चिमूटभर साखर, आणि त्यामागे कुणीतरी आत्ताच खोलीतून उठून गेल्यासारखं काहीतरी. तिने मनगट नाकाशी नेलं. नळ वाहत राहिला.

ती पाणीपुरवठा खात्यात वास घेते. तोच तिचा हुद्दा. शहराच्या टाक्यांतलं पाणी बाटल्यांतून येतं. ते कोमट करायचं, झाकण काढायचं, हुंगायचं आणि वास आहे की नाही ते सांगायचं. नाकासमोर चालणारी बाई, तीही पगारी. साबण बिनवासाचा, केसांना तेल नाही, फूल नाही, आदल्या रात्री कांदा-लसूण नाही. अत्तर लावलेलं सापडलं तर नोकरी गेली. घरात खात्रीचा पगार तिचाच, म्हणून हे सगळे नियम घरालाही लागू झाले होते.

"तुझ्या नाकापायी आमच्या जिभेला उपास," सासूबाई म्हणत, आणि दूध नासलंय का ते बघायला पातेलं तिच्याच नाकाखाली धरत.

तिला फार काही नको होतं. कुणीतरी एकदा म्हणावं, काय छान वास येतोय. मग धुऊन टाकायला ती तयार होती.

नवऱ्याला चहा देताना तिने मनगट जरा जास्तच पुढे केलं.

"काही वास येतोय का हो?"

नवऱ्याने दोनदा हुंगलं. उठला, स्वयंपाकघरात गेला, परत आला.

"गॅस बंद आहे," तो म्हणाला.

ऑफिसात पोचल्यावर तिने मनगट घासून घासून धुतलं. वास गेला नाही. नको असलेला पाहुणा आणि चांगलं अत्तर, दोघांनाही इशारा कळत नाही.

तपासणीच्या खोलीला खिडकी नव्हती. दारं दोन, एकामागे एक, आणि पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बाहेरचा वास आत येऊ नये म्हणून केलेली सोय. आतल्या वासाचा विचार कुणी केला नव्हता. शेजारच्या टेबलावर काका बसत. निवृत्तीला टेकलेले, पण नाक अजून तरणंताठं.

काकांनी पहिली बाटली उघडली. "गोडसर," ते म्हणाले.

"गोडसर?" कार्यकारी अभियंता साहेब खुर्चीतून उठले. "ही पूर्वेच्या टाकीची आहे ना?"

"हो. आणि ही पश्चिमेची. हीसुद्धा गोडसर." मग काकांनी तुलनेसाठी ठेवलेलं शुद्ध पाणी उघडलं. तेही गोडसरच.

साहेबांचा हात फोनकडे गेला. दोन्हीकडचं पाणी तोडायचं म्हणजे सगळं शहर कोरडं.

"साहेब, पाणी नाही," ती म्हणाली. "मी आहे."

तिने हात पुढे केला. साहेब वाकले. त्यांनी श्वास घेतला, आणि तो लगेच सोडला नाही. डोळेही मिटले होते बहुतेक.

"मला काही येत नाही," ते सरळ होत म्हणाले.

"साहेब, व्हॅनिला आहे. मीच लावलंय."

"बाई, जरा समजून घ्या. तुम्ही आज लावलं म्हणजे काल लावलं नव्हतं कशावरून? तुम्ही पास केलेलं पाणी लोक पिऊन बसलेत. ते आता परत मागवू?"

"पण वास येतोय."

"काका, येतोय का?"

काकांनी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मला सर्दी आहे," काका म्हणाले. "सकाळपासून."

सगळ्या बाटल्यांपुढे 'वास नाही' असा शेरा लागला. सुटताना दोन दारांमधल्या अरुंद जागेत ती आणि काका क्षणभर अडकले. काकांनी छातीभर श्वास घेतला.

"छान..." ते म्हणाले. पुढचं दार उघडलं. "छान गारवा आहे आज."

बुधवारी तिने दोन्ही मनगटांना लावलं. गुरुवारी मानेलाही. खोलीतल्या कुणाच्या नाकपुडीला धक्का लागला नाही; पाणी रोज पास होत गेलं. साहेबांनी मात्र आपली खुर्ची तिच्या टेबलाजवळ घेतली. का, ते विचारायची सोय नव्हती.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने कोरा कागद ओढला आणि वळणदार अक्षरात लिहिलं:

'मा. कार्यकारी अभियंता यांस. महोदय, माझ्या उजव्या मनगटाला व्हॅनिलाचा मंद वास येतो. तो छान आहे. तरी सदर बाबीची आपण प्रत्यक्ष हुंगून खात्री करावी व तसे मला लेखी कळवावे. लेखी शक्य नसल्यास तोंडी सांगावे, ही नम्र विनंती.'