काट्याच्या कपाळी कुंकू

"अठ्ठ्याण्णव होती, ब्याण्णव झाली! बोला, लघिमानंद महाराज की..."

"जय!"

हेंद्रेपाड्यातल्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक जण काट्यावर चढायचा, एका पूजेत सहा किलोंनी उतरायचा आणि रडत महाराजांच्या पायांवर पडायचा. महाराज स्वतः चांगले गरगरीत. ते म्हणे भक्तांचं वजन आपल्या अंगावर घेतात! घ्या, यालाही उत्तर तयार.

रांगेत संजीवनी उभी होती, सासूबाई वेणूबाईंचा हात धरून. वय चाळीस, वजन एकशे चार, रक्तात साखर. पाच महिने अंबरनाथच्या डॉक्टर वृंदांचे उपचार चालू होते. गोळ्या, मोजूनमापून जेवण, रोजचं चालणं. एकशे आठवरून ती एकशे चारवर आली होती. डॉक्टर म्हणायच्या, "छान चाललंय, असंच उतरायला हवं." घरी मात्र वेणूबाई करवादायच्या, "पाच म्हयन्यात चार किलो? आन् रोज त्या गोल्या गिलायच्या?"

त्यांनीच तिला इथे आणलं होतं. पण खरं सांगायचं तर संजीवनीही आशेनंच आली होती. शाळेपासून 'ढोली' ऐकून कान किटले होते तिचे. एका सकाळी सहा किलो गेले असते तर कोणाला नको होते?

"चरबी म्हणजे काय, माउली?" महाराज माइकमध्ये गरजले. "मागल्या जन्मीचा हावरटपणा! तो डॉक्टरच्या गोळीनं जाईल? गोळी पोटात जाते, पाप आत्म्यात असतं!"

संजीवनीचा नंबर आला. महाराजांचा शिष्य धर्मेश याने तिला काट्यावर उभं केलं. आकडे लाल पेटले. एकशे चार. मग ती उतरली आणि काट्याची पूजा सुरू झाली. काट्यावर पाट, पाटावर पाण्याने भरलेला तांब्याचा कलश, वर नारळ. धर्मेशने काट्याच्या कपाळी कुंकू लावलं, भगवी शाल पांघरून आकडे झाकले ("काट्याला नजर लागते ना!") आणि मगच पाट-कलश उचलून बाजूला ठेवला. मंत्र झाले. संजीवनी पुन्हा चढली. शाल वर झाली.

अठ्ठ्याण्णव!

हॉल दुमदुमला. संजीवनीच्या डोळ्यांत पाणी आलं. वेणूबाईंनी तर कडाकडा बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

"आता त्या गोळ्या," धर्मेशने परात पुढे केली. परातीत कोणाकोणाच्या गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग होता. "हलका देह औषधाचा भार सोसत नाही. टाका. उद्यापासून फक्त आमचं चूर्ण."

संजीवनीने पर्समधून पाकीट काढलं आणि थबकली. सहा किलो गेले, मग बोटातली अंगठी अजून रुतलेलीच कशी? तिने खाली पाहिलं. कुंकू काट्याच्या बरोब्बर एका बटणावर होतं.

ते बटण तिने झोपेतही ओळखलं असतं. उल्हासनगरला मुकेशशेठच्या गाळ्यात जीन्सच्या चिंध्या किलोवर विकताना दिवसातून दोनशे वेळा ती तेच दाबायची. काट्यावर रिकामा टब ठेवायचा, 'टेअर' दाबायचं, काटा शून्य. टबाचं वजन आपोआप वजा. आणि टब उचलला, की...

"थांबा!" ती खाली उतरली आणि धर्मेश शाल टाकायच्या आत तिने ती हिसकावून घेतली.

रिकाम्या काट्यावर आकडे होते. वजा सहा.

"काट्यावर कोणी नाही, तरी वजा सहा? हे कोणाचं पाप, महाराज?"

"बाई, अहंकार बोलतोय तुझा!"

"अहंकार नाही, टेअर बोलतंय! पाट, कलश, नारळ, सगळे मिळून सहा किलो. टिळा लावायच्या निमित्ताने बटण दाबलं आणि सामान उचललं. आता जो चढेल तो सहा किलोंनी कमीच दिसणार!"

"काढा हिला बाहेर!" धर्मेश धावला. पण मधे वेणूबाई आल्या. महाराजांसाठी आणलेली दहा किलो तांदळाची सीलबंद पिशवी त्यांनी दाणकन काट्यावर आदळली.

चार.

"आरं मेल्या," वेणूबाई कडाडल्या, "माझ्या तांदलानं कंचं पाप केलं व्हतं रं? चार किलो व्हायला?"

आधी एक जण हसला, मग अख्खा हॉल. पाठोपाठ माणसं परातीवर तुटून पडली, आपापल्या गोळ्या शोधायला. महाराज मागच्या दाराने सटकले. भक्तांचं एवढं वजन अंगावर घेतलेला माणूस किती चपळ पळाला म्हणून सांगू!

संजीवनीने माइक उचलला.

"मी जाडी आहे. आजारी आहे, पापी नाही. पाप किलोवर मोजत नाहीत. हसायचं त्यांनी हसा, पण माझी लाज विकून कोणाला धंदा करू देणार नाही. आणि गोळ्या बंद करायच्या की नाही, ते डॉक्टरला विचारा. बटणाला नाही."

वाचकहो, तुम्हीही चमत्काराला नमस्कार करण्याआधी एकदा शाल उचलून बघा. देव असेल तर रागावणार नाही. लबाड असेल तर पळेल.

पुढच्या महिन्यात वेणूबाई स्वतः सुनेबरोबर अंबरनाथला गेल्या. डॉक्टरांचा काटा त्यांनी आधी वाकून नीट निरखला. कुंकू नव्हतं, शाल नव्हती, काटा शून्यावर होता. मग संजीवनी चढली. एकशे तीन किलो दोनशे ग्रॅम.

"आठशे ग्रॅमच," संजीवनी पुटपुटली.

"असू दे," वेणूबाई म्हणाल्या. "आपलं खरं हाय."