कार्ड तेवीसला आलं

ओळ अडतीस. गेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाभर बारीक चौकोन मोजायचे नाहीत.

एका जावयाला ‘अरे’, एका जावयाला ‘अहो’.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागच्या जाळीत पिस्त्याच्या रंगाच्या लोकरीचा धागा अडकलेला.

“तिथं गेल्यावर तोंड पाडून बसू नका,” जिना चढताना बायको म्हणाली. “दुरुस्त करा, चहा प्या, घरी चला.”

ओळ बावीस. गेलं. अर्धी टोपी गेली.

हे सगळं एकाच घरातलं.

त्या घरात सासूबाई विणकामाचे नमुने तयार करतात. सुया-लोकर हातात असतेच, पण नमुना कॉम्प्युटरवर. चौकोनांची जाळी, एक चौकोन म्हणजे एक टाका. भरलेला उलटा, रिकामा सुलटा. बाळांच्या कपड्यांच्या साठ नमुन्यांचं त्यांचं पुस्तक निघायचं होतं, प्रकाशकाला बुधवारी सगळं द्यायचं होतं. चव्वेचाळीस झाले होते. आणि मशीन कुणी हात न लावता मध्येच काळं पडायचं, मग आपलं आपण पुन्हा सुरू व्हायचं. तोवर भरलेले चौकोन गेलेले असायचे. प्रत्येक वेळी सासूबाई वहीत तारीख, वेळ आणि गेलेली ओळ लिहून ठेवायच्या. सवयच त्यांची, टाका निसटला तरी लिहितात.

थोरल्या जावयाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, दोन गल्ल्या सोडून. सतरा वर्षं या घरातलं प्रत्येक मशीन त्यानं बसवलं होतं. सासरी त्याला दुसरं काही जमायचं नाही. गप्पा जमायच्या नाहीत. विनोद सांगितला तर तो संपला हे लोकांना कळायचं नाही. पण स्क्रूड्रायव्हर हातात आला की घर त्याच्याभोवती गोळा व्हायचं. सासूबाई स्वतः टॉर्च धरायच्या, आणि तो मागेल तो स्क्रू तळहातावर ठेवून उभ्या राहायच्या. तेवढा वेळ तो या घरातला कुणीतरी असायचा.

रविवारी सकाळी तो आत आला आणि टेबलापाशी थबकला. टेबलावर खिडकीएवढा स्क्रीन उभा होता.

“हा कुठून आला?”

“धाकट्यानं आणला,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणाला, आई, तुझ्या ऑपरेशनच्या डोळ्याची पट्टी आत्ताच सुटलीय, त्याला चौकोन मोठे दाखवू. आतमध्ये कसलंसं कार्डही घातलं त्यासाठी.”

“म्हणजे मशीन उघडलं?”

“हो तर! झाकण काढलं, कार्ड खोचलं, झाकण लावलं. दहा मिनिटं लागली असतील. टॉर्चसुद्धा नको म्हणाला.”

धाकटा जावई विमा कंपनीत कॉम्प्युटर विभागात होता. दोन वर्षांपूर्वी या घरात आला आणि दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंना ‘आई, तू’ म्हणायला लागला. त्याही त्याला ‘अरे गाढवा’ म्हणायच्या, ते अशा काही लाडानं, की थोरल्याला सतरा वर्षांत मिळालेले सगळे ‘अहो जावईबापू’ त्यावरून ओवाळून टाकावेसे वाटायचे. त्याला कुणी एकदा तरी गाढव म्हणावं ना! पण नाही. त्याच्यासाठी खुर्ची पुसली जायची. पाहुण्याची पुसतात तशी. आणि आता मशीनही दुसऱ्यानं उघडलं होतं. थोरल्याला वाटलं, या घरात आपली आता

पुन्हा.

रविवार, सकाळी अकरा. थोरला गुडघ्यांवर बसून कॅबिनेट उघडतो. सासूबाई बाजूला. बायको सोफ्यावर, पाय वर घेऊन.

भिंतीतला प्लग. घट्ट आहे.

धूळ. आहे, पण जीव घेण्याएवढी नाही. ब्रशनं काढली.

तापमान. ठीक.

रॅमच्या पट्ट्या. काढल्या, टोकं खोडरबरानं घासली, परत बसवल्या. मशीन एकोणीस मिनिटं चाललं आणि काळं पडलं. “ओळ सात,” सासूबाई पुटपुटल्या आणि वही ओढली.

पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारा डबा. दुकानात तो गिऱ्हाइकांना घसा कोरडा होईस्तोवर सांगायचा: मशीन अचानक बंद पडतंय ना, मग आधी सप्लाय बघायचा, बाकी सगळं नंतर. या सप्लायवर त्याच्याच दुकानाचं लेबल होतं. हात त्यावरून पुढे गेला.

कार्ड.

“सापडलं,” तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्याहून मोठा निघाला. “हे कार्ड. या मशीनला झेपणारं नाही. न विचारता काहीही खोचलं की असं होतं.”

“अगंबाई,” सासूबाई म्हणाल्या.

“विचारायला हवं होतं मला.”

“तुम्ही कामात असता हो. तुम्हाला कशाला त्रास?”

त्रास! नाकाला मिरच्या झोंबल्या. कार्ड काढलं. मोठ्या स्क्रीनची केबल कार्डातच जायची, म्हणून तोही उतरवून भिंतीला टेकवला. माळ्यावरचा जुना, पुस्तकाएवढा स्क्रीन पुसून लावला. मशीन सुरू केलं.

एक तास चाललं. दीड तास. दोन तास. थोरला खुर्चीत असा रेलला की बायको म्हणाली, “स्वारी खुशीत आहे आज.”

मग त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि तो एकटा उरला. झाकण लावायला वाकला आणि उगाच, खरंच उगाच, सप्लायच्या जाळीतून टॉर्च मारला. आत दोन कपॅसिटर, वीज साठवणारे बोटाएवढे डबे. सपाट असायला हवेत ते माथे फुगलेले, बुडाशी तपकिरी डाग.

त्याला सगळं एका दमात कळलं. सप्लाय थकलेला होता. एरवी कसाबसा ओढत होता, जरा ओझं वाढलं की कोलमडत होता. कार्ड काढलं, ओझं कमी झालं, म्हणून चाललं. कार्डात काही दोष नव्हता. पण बुधवारपर्यंत हे असंच चाललं तर? पुढच्या आठवड्यात गुपचूप सप्लाय बदलायचा. कुणाला पत्ता लागणार होता?

त्यानं झाकण लावलं. चारही स्क्रू.

चार वाजता धाकटा आला. दारातूनच, “आई, भूक लागलीय!” मग भिंतीला टेकवलेला स्क्रीन दिसला आणि तो त्याच्यापाशी जाऊन वाकला.

“तुझ्या कार्डाचा प्रताप,” थोरला म्हणाला.

“खरंच का दादा? शी! आईची किती कामं बुडाली माझ्यामुळे.” जरा थांबून, अगदी साधेपणानं: “सप्लाय बघितलात?”

“तो मी बसवलाय.”

“हां, मग प्रश्नच नाही,” धाकटा म्हणाला. त्यात टोमणा असता तर थोरल्याला बरं वाटलं असतं. तो शोधत बसला. नव्हता.

सासूबाई पुन्हा कामाला बसल्या होत्या. मघाशी कळलं नव्हतं ते आता सगळ्यांना दिसलं. त्या लहान स्क्रीनला नाक लावून विणायच्या सुईच्या टोकानं एकेक चौकोन मोजत होत्या. ऑपरेशनचा डोळा गळत होता. पदरानं टिपायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. ओळ चुकली. पुन्हा. पुन्हा चुकली.

“आई, राहू दे ना आज,” धाकटा म्हणाला.

“बुधवार काय तुझा काका थांबवणार आहे का?” मग त्यांनी वही उघडली, मागची पानं चाळली, आणि चष्म्यावरून थोरल्याकडे पाहिलं. “अहो, मला यातलं कळत नाही. पण हे बघा. पहिल्यांदा बंद पडलं बारा तारखेला, दुपारी तीन दहाला. ओळ अडतीस. मग पंधराला. मग एकोणीसला दोनदा. आणि कार्ड आलं तेवीसला. मी लिहिलंय, ‘मोठा स्क्रीन आला, पोराचं भलं होवो.’ मग हे आधीचं कसं?”

त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली.

“आई, तारीख चुकली असेल तुझी,” धाकटा घाईघाईनं म्हणाला. “डोळा बांधलेला होता ना तेव्हा. दादा म्हणतात ते बरोबर आहे, कार्डच असणार. स्वस्तातलं घेतलं मी.”

थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं. धाकट्याला कळलं होतं. सगळं नाही, पण काहीतरी कळलं होतं, आणि तो पांघरूण घालत होता. या घरातली सगळी माया तर त्यानं उचललीच होती, आता वर थोरल्याची अब्रूही तोच वाचवणार! चार माणसांत, फुकट! तळपायाची आग मस्तकात गेली. हे मात्र नाही. हे याच्या हातून घ्यायचं नाही.

“तारीख बरोबर आहे,” थोरला म्हणाला. “कार्ड चांगलं आहे. सप्लाय गेलाय. मी जुना बसवला होता, दुसऱ्या मशीनमधून काढलेला. दुपारीच दिसलं मला आणि मी झाकण लावून टाकलं.”

“अगंबाई,” सासूबाई पुन्हा म्हणाल्या.

“आई, तारीख लिहून ठेव,” बायको सोफ्यावरून म्हणाली. “यांनी चूक कबूल केली. वेळही लिही.”

धाकटा हसला, मग हसू गिळलं. “दादा, मी येऊ दुकानात? बरोबर?”

“तू बस. तुला भूक लागलीय ना!”

तो एकटाच गेला, नवा सप्लाय घेऊन आला, बसवला, कार्ड परत खोचलं, मोठा स्क्रीन उचलून टेबलावर ठेवला. मशीन सुरू झालं आणि चालत राहिलं. सासूबाईंनी सुई खाली ठेवली आणि लांबूनच चौकोन मोजायला लागल्या. कुणी त्याला काही बोललं नाही, उलट सगळे जरा जास्तच चांगले वागले. धाकट्यानं आपल्या हातानं त्याला चहा आणून दिला. चहा चांगला झाला होता. तेही त्याला सहन झालं नाही.

दोन वर्षांपूर्वी, धाकटा मुलगी बघायला पहिल्यांदा या घरी येणार होता त्या दुपारी, थोरल्यानं तो जुना, कधीतरी बिघडून पुन्हा त्यालाच बोलवायला लावेल असा सप्लाय बसवला तेव्हा त्याच्याच बॅगेत नवा होता.