बर्फावरचं ऊन

वणीच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. कोणी पुस्तक मागितलं की काढून द्यायचं, परत आलं की जागेवर ठेवायचं, एवढंच माझं काम. पुस्तकात लिहिलेलं काही स्वतः करून पाहायची वेळ कधी आली नाही. आली असती तर मी ती बहुधा टाळलीच असती. म्हणून एप्रिलमधल्या एका सकाळी दीपमाला हातात नोटीस घेऊन आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा मी पेपर जरा वर धरला.

"काकाजी, थो पेपर कालचा आहे," ती म्हणाली. "आजचा तुमच्या पायाशी पडला आहे."

आतून शीला, म्हणजे माझी बायको, हसली. पेपर खाली ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

दीपमालाचं चिकनचं दुकान आमच्या घरापासून चौथं, चंद्रपूरच्या रस्त्याला लागून. नवरा कोळशाच्या ट्रकवर. दुकान ती आणि तिची सासू तुळसाबाई चालवतात. गिऱ्हाईक मांस घेऊन जातं, पंजे आणि कातडी मागे राहतात. रोजचे दोन ड्रम. त्यावर कुत्री जमायची, वास सुटायचा. शेवटी तक्रारी झाल्या आणि नगरपालिकेची नोटीस आली : पंधरा दिवसांत कचऱ्याची पक्की सोय दाखवा, नाहीतर दुकान गावाबाहेर हलवा. गावाबाहेर म्हणजे बायपासच्या पलीकडे, जिथे कोंबडी घ्यायला कोणी जात नाही.

सोय तिनं शोधून ठेवली होती. पंज्यांच्या कातडीत आणि शिरांत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत त्यापासून जखमेवर लावायच्या पट्ट्या बनतात. तिथल्या प्राची मॅडमशी ती फोनवर बोललीही होती. गुरुवारी, म्हणजे नोटिशीच्या चौदाव्या दिवशी, मॅडम चंद्रपूरला जाताना वणीत थांबणार होत्या. कोलॅजनचा चांगला पांढरा नमुना दाखवला, तर त्यांची गाडी रोज माल न्यायला येणार. करायची पद्धत त्यांनी पाठवली होती. बारा पानं, सगळी इंग्रजीत.

"तुमी हे मराठीत लिहून द्या. अन् करतानी जवळ उभे राहा," दीपमाला म्हणाली.

"मी? अगं, मी आयुष्यात कोंबडीला हात लावलेला नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा..."

"हात मी लावतो ना! तुमी फक्त वाचा."

"जा हो," शीला म्हणाली. "एकतीस वर्षं लोकांना पुस्तकं दिलीत. एकदा आपणही एखादं उघडा."

मी पाच दिवस घेतले. एवढे लागायला नको होते. पण प्रत्येक शब्दाशी मी अडत होतो, लिहून खोडत होतो. शेवटी दोन पानं तयार झाली. पहिली ओळ अशी : पंजे नीट साफ करून घ्यावेत. पुढे : एक दिवस कॉस्टिक सोड्याच्या सौम्य पाण्यात ठेवावेत. मग धुऊन, दोन दिवस व्हिनेगरच्या पाण्यात. मग गाळून त्यात मीठ घालावं, म्हणजे कोलॅजनचे पांढरे धागे वर येतील. आणि शेवटी दोनदा अधोरेखित करून : सर्व काम थंडीत करावे. उष्णता लागल्यास कोलॅजनचा डिंक होतो.

वणीत, एप्रिलमध्ये, सर्व काम थंडीत! पण दीपमालानं दुकानाचा एक फ्रीज रिकामा केला, आणि दुकानांना बर्फ पुरवणाऱ्या खेमसिंगला लाद्या वाढवून सांगितल्या. सोडा, व्हिनेगर, गाळायचं मलमल जमवण्यात आणखी काही दिवस गेले. रविवारी तुळसाबाईंनी पंजे साफ करून सोड्याच्या पाण्यात घातले आणि पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं.

सोमवारी सकाळी दीपमालाची हाक आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आली. मी चपला न घालताच गेलो. फ्रीजचं दार सताड उघडं होतं आणि आतल्या पातेल्यातलं पाणी लालभडक झालं होतं. गडद, रक्तासारखं.

"काकाजी, हे काहून लाल झालं?"

बारा पानांत लाल हा शब्द कुठेच नव्हता. मी काहीतरी चुकीचं लिहिलं, सोडा जास्त सांगितला, कदाचित काही विषारी झालं असेल, दीपमालाचं दुकान माझ्यामुळे जाणार... हे सगळं मी मनात पूर्ण करून टाकलं. तोंडातून एवढंच निघालं, "रक्त असेल का?"

तुळसाबाई सुपारी कातरत बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"रक्त नाई थे. हळद आहे."

"हळद कुठून आली?"

"मीनं लावली. हळद अन् मीठ, चांगलं चोळून."

"आई!" दीपमाला किंचाळली. "कायले?"

"कायले म्हंजे? या सरांनीच तं लिहून देल्लं. पंजे नीट साफ करून घ्यावेत. तूच वाचून दाखोलं ना मले? हळद-मिठाबिगर कोंबडी साफ होते का कुठं? तुमच्या घरी कशी करते जी, सर?"

आमच्या घरी करतच नाहीत, हे सांगायचं धैर्य मला झालं नाही. पण चूक कळली. वणीतल्या कोणत्याही घरी विचारलं असतं तर हेच उत्तर मिळालं असतं. मी विचारलं नव्हतं. साफ करणे म्हणजे पाण्यानं धुणे, असं फक्त मला वाटत होतं.

"पिवळ्या साडीले साबण लागला का लाल होते ना? तसंच हे," तुळसाबाई म्हणाल्या. "अन् तुमी रक्त म्हंता. एवढी पुस्तकं वाचून!"

नव्यानं सुरू करायला दिवस उरले नव्हते. पंजे पुन्हापुन्हा धुतले. बरीच हळद निघाली, सगळी नाही. व्हिनेगरच्या पाण्यात पडताच लाल पुन्हा पिवळं झालं. बुधवारी सकाळी गाळलेल्या पाण्यात मीठ घातलं आणि आम्ही चौघं, म्हणजे शीलाही आली होती, पातेल्यावर वाकून उभे राहिलो. आधी काहीच दिसेना. मग पाण्यात धुकं धरल्यासारखं झालं, धुक्याचे धागे झाले, आणि धागे एकमेकांत गुंतत वर येऊ लागले. मी हे वाचलं होतं, भाषांतरही केलं होतं. तरी ते खरंच घडतं असं मला वाटलं नव्हतं बहुतेक. शीलानं माझा दंड धरला.

धागे सुंदर होते. आणि लग्नातल्या अक्षतांसारखे पिवळे.

"पांढरा पाह्यजे म्हणून सांगतलं होतं मॅडमनं," दीपमाला हळूच म्हणाली. तिनं भिंतीकडे पाहिलं. तिथे खिळ्याला नोटीस लटकत होती.

तुळसाबाई पातेल्यापासून मागे सरकल्या. आता त्यांना वाईट वाटत होतं, म्हणून आवाज मोठा निघाला. "हळदीचा डाग कशानं जाते? उन्हानं जाते! साडी वाळू घातली का संध्याकाळी डाग नाई राहत. टाका उन्हात."

"उन्हात टाकून कसं चालेल?" मी म्हणालो. "बाहेर त्रेचाळीस आहे. डिंक होईल."

"मंग तुमचं पुस्तक काय म्हंते?"

पुस्तक काही म्हणत नव्हतं. ऊन हवं होतं, पण उन्हाची गरमी नको होती. असं पुस्तकात कुठून असणार? मी रस्त्याकडे बघत राहिलो. समोर खेमसिंगची हातगाडी येऊन थांबली. त्यानं गोणपाट बाजूला केलं, भुसा झटकला, आणि बर्फाची लादी भर उन्हात चकाकली.

"त्यावर ठेवलं तर," मी म्हणालो.

कोणी ऐकलं नाही. दीपमाला आणि सासू यांचं साबणावरून काही चाललं होतं. मी गप्प बसलो असतो. पण शीलानं ऐकलं होतं.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली.

"ताटं बर्फाच्या लादीवर ठेवली तर! वरून ऊन, खालून गार!"

माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. खेमसिंगच्या हातातून गोणपाट पडलं.

अर्ध्या तासात दुकानाच्या गच्चीवर सहा लाद्या मांडल्या गेल्या. त्यांवर घरातली स्टीलची ताटं, ताटांत धाग्यांचा पातळ थर, आणि वरून कावळे-माशांसाठी मच्छरदाणी. दर थोड्या वेळानं थर उलटायचा, ताटाला बोट लावून गार आहे ना बघायचं. बोट लावायचं काम माझ्याकडे आलं. मी टोपी घालून, ओला रुमाल मानेवर टाकून दिवसभर कोंबडीच्या ताटांना बोटं लावत बसलो. आमच्या घराण्यात हे कोणी केलं नसेल.

खाली कोळशाचा एक ट्रक थांबला. "ओ मावशी, बर्फावर काय वाळवून राह्यले? पापड?"

"हौ! तुह्या लग्नाचे!" तुळसाबाईंनी वरून उत्तर दिलं.

लाद्या वितळत, खेमसिंग नव्या आणी. तीन वाजता पिवळं फिकट झालं. चारला लिंबाच्या सालीसारखं. साडेपाचला शीलानं पदराची पांढरी किनार ताटाशेजारी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. दोन्हींत फारसा फरक उरला नव्हता.

गुरुवारी अकराला प्राची मॅडम आल्या. तरुण, घाईत असलेली बाई. त्यांनी चिमूटभर धागे काचेच्या नळीत व्हिनेगरमध्ये सोडले आणि नळी प्रकाशात धरली. धागे विरघळून पाणी नितळ झालं. मग मीठ घातलं. धागे पुन्हा आले. त्यांनी हे दोनदा केलं. दीपमालानं पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

"अगदी पांढरं नाही," त्या म्हणाल्या.

मी चष्मा काढून पुसला.

"पण कोलॅजन आहे, आणि चांगलं आहे. गाडी सोमवारपासून पाठवते. तसं पत्र आत्ताच लिहून देते, नगरपालिकेत दाखवा." मग त्यांनी नळी पुन्हा निरखली. "इतकं नितळ पहिल्याच वेळी कसं आलं? आधी मिठानं धुतलंत का? मिठानं बाकीची घाण सुटून येते. मी पाठवलेल्या पानांत ते नव्हतं."

"धुतलं ना!" तुळसाबाई पुढे झाल्या. "हळद अन् मीठ."

"हळद?"

मग सगळं सांगावं लागलं : हळद, लाल पाणी, गच्चीवरचा बर्फ. मॅडम आधी हसल्या, मग खुर्ची ओढून बसल्या आणि लिहून घेऊ लागल्या. घाईत आहोत हे त्या विसरल्या असाव्यात. "पुढच्या वेळी हळद नको, आजी. मीठ मात्र लावा."

"म्हंजे अर्धं माह्यं बरोबर," तुळसाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "तुमचं किती बरोबर, सर?"

"अर्ध्यापेक्षा कमी असेल," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

"बाप्पा, थो बर्फ कोनाचा होता मंग?" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा नाकावर आला.

दीपमालानं खिळ्यावरची नोटीस काढली आणि तिथे दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत न्यायचं मॅडमचं पत्र अडकवलं. खेमसिंगकडे एक लादी उरली होती. ती त्यानं फोडली, शीलानं घरून लिंबं आणि साखर आणली, आणि चिकनच्या दुकानात, कापायच्या ओट्याशी उभं राहून, मी दोन ग्लास सरबत प्यालो. नंतर घरी जाऊन माझी दोन पानं काढली. पहिली ओळ खोडली आणि वर लिहिलं : पंजे मिठानं चोळून धुवावेत. खाली कंसात, तुळसाबाईंना विचारून.