ओल्या दोरीवरचा गोळा

मी गोळा बोलतोय. ॲल्युमिनियमचा, पोकळ, कलिंगडाएवढा. कारागिराने मला असा घडवला की कुठूनही बघा, मी सारखाच. तेवढाच माझा गुण, आणि त्याचा मला भारी ताठा होता.

आमच्या विमानतळावरचं हवामानाचं रडार आडव्या आणि उभ्या अशा दोन लहरी सोडतं. पावसाचे मोठे थेंब पडताना चपटे होतात, म्हणून त्यांच्यावरून आडवी लहर जोरात परतते. कोलांट्या खात येणाऱ्या गारांवरून दोन्ही जवळपास सारख्या येतात. रडारचे हे दोन कान नीट ऐकतात ना, हे तपासायला मला मनोऱ्यावरून दोरीने टांगतात. माझ्यावरून दोन्ही लहरी सारख्याच परतायला हव्यात.

त्या दुपारी उभी लहर जास्त आली. "गोळा तर गोल आहे, म्हणजे रडारच बिघडलंय. उभ्या लहरीचा आकडा खाली आण आणि मोकळी हो," साहेब म्हणाले. इंजिनिअर ताईने तसं केलं. मग समोरच्या काळ्या ढगातून आडवी लहरच जोरात येतेय असं भासलं, आणि रडारला चपटे थेंब दिसू लागले.

"नुसता पाऊस आहे. उतरू दे विमान," साहेब म्हणाले.

त्या विमानात एक अत्यवस्थ रुग्ण होता, आणि ते चालवत होता ताईचा सख्खा भाऊ.

मला खाली घेताना ताईचा तळहात भिजला. ती जागीच थबकली.

"साहेब, दोरी ओली आहे! सकाळच्या भुरभुरीत भिजली असणार. जास्तीची उभी लहर या उभ्या टांगलेल्या ओल्या दोरीवरूनच आली."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!

"अंदाजावर विमान परत पाठवू? आत पेशंट आहे, बाई."

"अंदाज नाही सांगत. पाचच मिनिटं द्या."

तिने कोरडी दोरी घेतली. घाईत गाठ दोनदा सुटली. मी वर गेलो, तेव्हा विमानाची घरघर जवळ आली होती. मला ओरडता येत नाही, याची इतकी चीड कधीच आली नव्हती.

दोन्ही लहरी सारख्या आल्या. रडार निर्दोष! ताईने आकडा पूर्ववत केला, आणि त्याच ढगात गारा दिसल्या.

साहेबांनीच फोनवर झडप घातली. "विमान वळवा! ताबडतोब!"

घरघर दूर गेली. विमान दुसरीकडे सुखरूप उतरल्याचं कळलं, तेव्हा ताईला रडू फुटलं. मला उतरवायला मात्र कुणाला सवड झाली नाही. गारांनी मला झोडपून काढलं; अंगभर पोचे पडले, गोलाई गेली.

आता मी कपाटावर असतो. ताईचा भाऊ आला होता. माझ्या पोच्यांवरून हात फिरवून गेला.

परवा नवे साहेब म्हणाले, "हा गोळा अजून चालेल की."

नाही हो, चालणार नाही. हात जोडता आले असते तर जोडले असते. मला पुन्हा टांगू नका. या अंगाने मी रडारला खोटंच सांगेन, आणि तेव्हाही वर कुणाचा तरी भाऊ असेल.