नळीत हवा नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी डॉली आहे. ट्रकच्या पहिल्या ट्रेलरला दुसरा ट्रेलर जोडणारी चाकांची गाडी, ती मी. माझं सगळं आयुष्य ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या लाल धुळीत, गुरं वाहण्यात गेलं. मी जात्याच संशयी. का नसावं? मागचा ट्रेलर ड्रायव्हरला धड दिसतसुद्धा नाही, आणि त्याचा भार मात्र माझ्या मानेवर!

माझा मालक क्लॅरी माझ्याहून संशयी. "चहा पिऊन आलात तरी पुन्हा सगळं तपासा," हे त्याचं पालुपद. पूर्वी तो मला स्वतः ग्रीस लावी, "म्हातारी दगा देत नाही," म्हणे. अलीकडे त्याचाही त्याला विसर पडू लागला होता.

मग त्याची मुलगी टेगन दोन ट्रेलर ओढायला शिकू लागली. मला काही तिचा भरवसा वाटेना. वळणावर तिने कुंपणाचे खांब लोळवले. क्लॅरी ओरडला, "अगं, मागून अख्खं घर येतंय तुझ्या!" सपाटीवर तो तिला गाडी देई, घाट मात्र स्वतःच उतरवी.

एका सकाळी घाटाच्या माथ्यावर क्लॅरीने बैलांनी भरलेला दुसरा ट्रेलर मला जोडला. पण माझ्या ब्रेकच्या नळीत हवाच येईना. पुढच्या ट्रेलरवरून मला हवा देणारी तोटी तो उघडायला विसरला होता! म्हणजे मागच्या ट्रेलरला ब्रेकच नाही. मला वाचा असती तर बोंब ठोकली असती.

"बाबा, ब्रेक दाबून धरा. मागच्या ट्रेलरची शेवटची तोटी उघडून हवा येते का बघते."

"मी बघितलंय. चल, चढ."

"तरी बघते."

"सख्ख्या बापावर संशय?"

"शिकवलंत कुणी?"

तो धुसफुसत चढला, ब्रेक दाबला. तिने शेपटाकडची तोटी उघडली. फुस्स नाही की फास्स नाही! ती बंद करून टेगन नळीला हात लावत लावत पुढे आली, आणि बंद राहिलेली तोटी तिला सापडली. तिने ती उघडली. हवा धावली, माझा जीव भांड्यात पडला.

क्लॅरी उतरून आला. चेहरा पांढराफटक. "आयुष्यात कधी मी..." मला त्याची फार दया आली. मग तो डावीकडच्या सीटवर जाऊन बसला.

"घाट तू उतरव, पोरी."

तिने उतरवला, अगदी सावकाश. मी मात्र खालपर्यंत धाकधुकीतच होते. स्वभावाला औषध नाही.

मित्रांनो, आपल्या लाडक्या माणसाने बांधलेली गाठसुद्धा एकदा ओढून बघा. त्याला राग येईल. येऊ द्या.