मावशीने निवडलेली टांकसाळ

बारकीला बारकी हे नाव पडलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि काडीसारखी होती. आता ती पस्तिशीला टेकली होती, इस्पितळात एक्स-रे काढण्याच्या कामावर होती आणि मंडळातल्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच होती. तरी मंडळात ती बारकीच. नाव एकदा चिकटलं की चिकटलं, अंग वाढलं म्हणून ते काही सुटत नाही.

मंडळ म्हणजे डबे शोधणाऱ्यांचं मंडळ. या खेळाचं खरं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी पाणी न शिरणारा एक डबा पुलाखाली, भिंतीच्या फटीत नाहीतर झाडाच्या ढोलीत लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीचे हातात जीपीएसचं यंत्र घेऊन तो हुडकत जातात. सापडला की आतल्या कागदावर आपलं नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. हाती काही लागत नाही. बारकीच्या वडिलांना तर हा प्रकार शेवटपर्यंत कळला नाही. "हिची मावशी रविवारी डबे शोधत हिंडते," असं ते भोळेपणाने चारचौघांत सांगायचे, आणि ऐकणारे हळहळायचे, की बिचारीवर काय ही वेळ आली!

मावशी म्हणजे बारकीच्या आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उभा जन्म गेला. मंडळ तिनेच सुरू केलं. तेव्हाचं यंत्र विटेएवढं होतं आणि बॅटऱ्या अशा खायचं, की बारकीचा एक खिसा नेहमी बॅटऱ्यांनी लोंबलेला असायचा. रविवारी सकाळची पहिली बस, पिशवीत पाव आणि उकडलेली अंडी, दुपारपर्यंत मोजे ओले. परतीच्या बसमध्ये बारकी मावशीच्या खांद्यावर झोपायची, आणि मावशी तिच्या केसांतली कुसळं एकेक करून काढायची.

ती मावशी आता सत्तरीच्या पुढे होती, आणि तिची नजर चालली होती. कडेकडेचं दिसायचं, पण जे बघायला जावं नेमक्या त्याच जागी धूसर डाग. "मी हल्ली माणसं कानांवरून ओळखते," ती म्हणायची. "नाकं दिसतच नाहीत. बऱ्याच जणांच्या बाबतीत ते बरंच आहे म्हणा." डबे शोधायला जाणं तिने बंद केलं होतं. कुणी विचारलं तर गुडघ्यांचं नाव सांगायची.

मंडळाचा म्होरक्या होता कप्तान. जन्मात कधी जहाजावर चढला नव्हता, बस डेपोत नोकरी करून निवृत्त झाला होता; पण डोक्यावर कायम कप्तानाची टोपी. मंडळाला पंचवीस वर्षं होत होती, तेव्हा कल्पना निघाली ती त्याच्याच डोक्यातून. मंडळाचं नाणं पाडायचं. या खेळात अशी नाणी असतात. प्रत्येकावर वेगळा क्रमांक. एका डब्यात ठेवलं की सापडेल तो ते उचलतो, पुढच्या डब्यात नेऊन ठेवतो, आणि नाणं असं हातोहात फिरत राहतं. कुठे पोचलं ते क्रमांकावरून सगळ्यांना कळतं.

"नाण्यावर मावशींचा चेहरा," कप्तान म्हणाला. "आणि रंग असा, की अंधारात चमकला पाहिजे. टांकसाळ कोणती, ते बारकी बघेल. मावशींना मात्र यातलं अक्षर कळता कामा नये."

बारकीने तीन टांकसाळी शोधल्या. पहिली परदेशातली, भली मोठी. तिच्या वेबसाइटवर सोन्यासारखी नाणी नुसती गरागरा फिरत होती. दुसऱ्या टांकसाळीतला माणूस पहिल्याच घंटीला फोन उचलायचा आणि काहीही विचारलं तरी म्हणायचा, "होऊन जाईल, ताई." तिसरी गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडे. तिथे शाळांची पदकं आणि पट्ट्यांची बक्कलं व्हायची. ती चालवणारी बाई फोनवर खेकसली, "फोनवर काय नाणं दिसणार आहे? नमुना पाठवते. नंतर वाटलं तर या." तिन्हीकडून नमुने आले. पहिलीचं नाणं मखमलीच्या डबीत होतं. तिसरीचा नमुना म्हणजे कुठल्याशा पोहण्याच्या शर्यतीचं पदक, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

त्या रविवारी मावशी जेवायला आली. बारकी ताटं घेऊन बाहेर येते तो काय, टेबलावरचे तिन्ही नमुने मावशीच्या हातात! सकाळी ते उचलून ठेवायचं बारकीच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

"हे काय गं?"

"ते होय? इस्पितळातलं आहे."

"इस्पितळात नाणी कधीपासून द्यायला लागले? मेलेल्याला की बऱ्या झालेल्याला?"

मावशीने पहिलं नाणं अंगठ्याखाली फिरवलं. "हे बटण आहे. वर काय आहे काही कळत नाही, सगळं गुळगुळीत." दुसरं घेतलं आणि चटकन बोट काढलं. "याच्या कडेला धार आहे. कांदा चिरता येईल." मग तिने तिसरं हातात घेतलं, आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही. बोट हळूहळू फिरत होतं. "पोहणारी आहे ही. आणि ही लाट. डोळे मिटून घेतलेत गं हिने!"

बारकीने पदक घेऊन खिडकीशी धरलं. पोहणारीचे डोळे खरंच मिटलेले होते. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बारकीने सगळं सांगून टाकलं: पंचवीस वर्षं, कप्तान, चेहरा, अंधारात चमकणारा रंग. मावशी खूश होईल असं तिला वाटलं होतं. मावशीने ताट बाजूला सारलं.

"म्हणजे माझं स्मारक बांधताय? जिवंतपणी? मी आंधळी होणार म्हणून सगळ्यांना एकदम माझा पुळका आलाय होय?"

"तसं नाही गं, मावशी."

"मग कसं? जो चेहरा मला आरशात दिसत नाही, तो तुम्ही गावोगाव फिरवणार! मला घरी सोड."

पुढचे काही दिवस मावशी फोन उचलेना. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेली बाई. फोन वाजत ठेवणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! बारकी इस्पितळात लोकांच्या बरगड्यांचे फोटो काढत होती आणि मनात तेच तेच घोळवत होती. तिला लहानपणचा तो पूल आठवत राहिला. कालव्यावरचा दगडी पूल, त्यांचा पहिला डबा. दगडांमधल्या काळोख्या फटीत मावशीने कोपरापर्यंत हात घातला होता. आत साप असेल, हात अडकेल, मावशी इथेच राहील आणि आपल्याला घराची बस कोणती तेही माहीत नाही, या भीतीने बारकी रडायच्या बेताला आली होती. आणि मावशीने चिखलाने बरबटलेला डबा असा काही बाहेर काढला होता, की जणू तिने तो तिथेच घडवला!

मग एका सकाळी फोन वाजला.

"चेहरा नको," मावशी म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "हात असू दे. फटीत जाणारा हात. आणि टांकसाळ मी ठरवणार. हाताला कळलं पाहिजे. डोळ्यांचे लाड पुरे झाले."

त्याच संध्याकाळी बारकीच्या घरी बसून मावशीने टांकसाळींना फोन लावले. पहिलीकडे यंत्र बोललं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. मावशी दाबत गेली, दाबत गेली आणि फिरून पुन्हा पहिल्याच ठिकाणी आली. "त्या घरात माणूस राहतं की नाही?" म्हणत तिने फोन आपटला. तिच्या दृष्टीने एवढा अपमान पुरेसा होता. दुसऱ्याने नेहमीप्रमाणे लगेच उचलला. मावशीने विचारलं, हात उठावदार येईल का? होऊन जाईल, ताई. कडा घासून मिळतील का? होऊन जाईल, ताई. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "आणि नाणं पाण्यावर तरंगेल का हो?"

"होऊन जाईल, ताई."

बारकीला हसू आवरेना. खूप दिवसांनी मावशीही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तिसरीकडे त्या दोघी स्वतःच गेल्या. एक लांबडी शेड, जमिनीवर तेलाचे डाग, आणि दर थोड्या वेळाने धाडकन आवाज, की पायांखालची फरशी हादरायची. एका भिंतीला फळ्यांवर पोलादी छाप मांडलेले होते, बरण्या मांडाव्यात तसे. टांकसाळवाली बुटकी, बाह्या दुमडलेली, फोनवर होती तशीच तुसडी. पण मावशीने छापांना हात लावू का विचारलं, तर तिने एक स्टूल ओढलं, मावशीला बसवलं आणि एकेक छाप तिच्या मांडीवर आणून ठेवायला सुरुवात केली. छापात सगळं उलटं असतं, उंचवट्याच्या जागी खळगा. मावशी खळग्यांत बोटं घालून ओळखत होती: घोडा. जहाज. हा कोण, मिशीवाला?

"आमचे वडील," टांकसाळवाली म्हणाली. "त्यांनी स्वतःच केला, स्वतःचाच. भारी हौस."

मग कामाचं बोलणं निघालं. टांकसाळवालीने पेन्सिल घेतली. "हात म्हणताय. कुणाचा? मोठ्या माणसाचा की लहान मुलाचा?"

"मोठ्या माणसाचा," बारकी म्हणाली.

"लहान मुलाचा," मावशी म्हणाली. दोघी एकाच दमात.

"अगं, तुझा हात तो!" बारकी म्हणाली. "पुलाखालचा पहिला डबा. तूच तर काढलास."

"मी? माझा हात शिरतच नव्हता त्या फटीत. बोटांपुढे जाईना. तू काढलास. थरथरत होतीस नुसती, पण मागे हटली नाहीस. मी तुझा दुसरा हात धरून उभी होते."

"काहीतरीच! मला चांगलं आठवतंय. तुझी बाही चिखलाने भरली होती."

"तुझी भरली होती. घरी तुझ्या आईने मला बोलणी घातली त्यावरून."

बारकी आठवू लागली. चिखलाची बाही दिसत होती, डबा दिसत होता. बाहीच्या आत कुणाचा हात होता, ते काही केल्या दिसेना. पंचवीस वर्षं तिने हा प्रसंग मनात जपला होता आणि त्यात मावशी केवढी मोठी होती, केवढी धीट! आणि इकडे तोच प्रसंग मावशीने जपला होता, आणि त्यात धीट होती ती बारकी. तिने पदकं पाडणाऱ्या यंत्राकडे बघायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

टांकसाळवालीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "हे बघा, मला दुपारच्या आत शंभर पदकं पाडायचीत. मी आपला मधलाच हात करते. ज्याला जो वाटेल तो."

काही दिवसांनी शिशाचा कच्चा नमुना बघायला बोलावणं आलं. मावशीने तो चाचपला आणि म्हणाली, "ही बोटं नाहीत, हा केळ्यांचा घड आहे." टांकसाळवाली तोंडातल्या तोंडात पुटपुटली, पण छाप पुन्हा कोरायला घेतला. दुसऱ्या खेपेला मावशीला बोटं पसंत पडली, फटीचे दगड आवडले नाहीत. तिसऱ्या खेपेला तिने मान डोलावली. नमुना बारकीच्या हातात देऊन तिने बारकीची बोटं आपल्या बोटांनी त्यावर ठेवली.

कप्तान मात्र रुसला. रंग नाही, चमक नाही, चेहरा नाही. "मातीतून उकरून काढल्यासारखं दिसतंय," तो म्हणाला. नाणी वाटली त्या दिवशीही तो हेच म्हणत होता. फक्त बोलता बोलता त्याचा अंगठा खिशातल्या खिशात नाण्यावरून फिरत होता, आणि हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

सगळ्यांनी आपापली नाणी डब्यांत सोडली. बारकीने आपलं कपाटात ठेवलं. मावशीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "कपाटात ठेवायचं होतं तर चमचा करून घ्यायचा. सोड ते." म्हणून एका रविवारी नाणं खिशात टाकून बारकी तिला घेऊन एका डब्याकडे निघाली. गुडघ्यांचं नाव निघालंच, पण बारकीने ऐकलं नाही. नदीकाठची वाट होती, थंड आणि ओली. मावशीने तिचा दंड धरला होता.

"काय दिसतंय, सांग."

"वाट आहे."

"वाट आहे हे माझ्या पायांना कळतंय. नीट सांग."

बारकी थांबली. इतकी वर्षं चालताना तिची नजर कायम हातातल्या यंत्रावर असायची. आजूबाजूचं बघायचं काम मावशीचं. तिने यंत्र खिशात टाकलं. मग सांगू लागली, की डावीकडे पडकं कुंपण आहे, त्याच्या तारेला कुणाचातरी लाल हातमोजा अडकलाय, पलीकडे दोन घोडे आहेत आणि त्यातला एक आपल्याकडेच बघतोय. मावशी ऐकत होती, मान किंचित कलती ठेवून, एके काळी हेडफोन लावून ऐकायची तशी.

"रंग कोणता घोड्याचा?"

"भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा."

"आणि दुसरा?"

दुसरा घोडा झाडाआड गेला होता. तो नीट दिसावा म्हणून दोघी थोड्या पुढे गेल्या.